बाळ झोपेत पालथं पडतंय, लोड लावू का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. लेक साडेचार महिन्यांची, गेल्या आठवड्यापासून पालथी पडायला लागलीय, आता झोपेतही पडते, कधी रडते कधी तशीच गालावर झोपून जाते, तुम्ही तासातासाला उठून तिला सरळ करताय आणि झोपेचं पार खोबरं झालंय. सासूबाई म्हणतात दोन्ही बाजूंना लोड लावा नाहीतर दुपट्यात घट्ट बांधा, नवऱ्याने ऑनलाइन ते दोन गुंडाळ्यांच्या मध्ये बाळ बसवायचं कुशन मागवलंय, आणि तुम्ही विचारताय की यातलं काय वापरलं तर ती रात्रभर पाठीवर राहील.

यातलं काहीच नको. मी बालरोगतज्ज्ञ आहे, आणि चार ते सहा महिन्यांच्या बाळांच्या आया लसीकरणाला आल्या की हाच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत विचारतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते, आणि सासूबाईंनाही वाचून दाखवा, त्या चुकीच्या हेतूने सांगत नाहीयेत.

मुळात "ती पालथी पडू नये म्हणून काय करू" हा प्रश्नच सोडून द्या. जे बाळ दिवसा पालथं पडतं ते रात्रीही पडणार, तुम्ही ते थांबवू शकत नाही आणि थांबवायच्या नादात जे जे आणतो तेच जास्त धोक्याचं ठरतं. आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, झोपवताना दरवेळी पाठीवरच झोपवायचं. दोन, ती जिथे झोपते ती जागा अशी करायची की नंतर ती कशीही वळली तरी नाका-तोंडाला काही आडवं येणार नाही. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या पोटात येतं.

पाठीवरच का, ते आधी सांगते, कारण घरी वाद घालायची वेळ आली तर कारण माहीत असलेलं बरं. १९८० च्या दशकापर्यंत युरोप-अमेरिकेत डॉक्टरच सांगायचे की बाळाला पालथं झोपवा, म्हणजे दूध टाकलं तरी घशात अडकणार नाही. मग न्यूझीलंड, ब्रिटन वगैरे ठिकाणच्या अभ्यासांत दिसायला लागलं की धडधाकट असून झोपेत अचानक दगावलेल्या बाळांत पालथी झोपवलेली बाळं जास्त आहेत. ब्रिटनमध्ये १९९१ ला आणि अमेरिकेत १९९४ ला "पाठीवर झोपवा" अशा मोठ्या मोहिमा निघाल्या आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू साधारण निम्म्यावर आले. कुठलं नवीन औषध नाही की मशीन नाही, फक्त बाळ उलटं केलं.

आणि दूध अडकायची भीती, जी जवळजवळ प्रत्येक आजीला असते, तिचं उत्तर शरीराच्या रचनेतच आहे. बाळ पाठीवर असताना श्वासनळी वर असते आणि अन्ननळी तिच्या खाली. पोटातून दूध वर आलं तर श्वासनळीत जायला त्याला चढ चढावा लागतो, त्यामुळे ते घशातून परत गिळलं जातं नाहीतर तोंडातून बाहेर येतं. पालथं केलं की हे उलटं होतं, श्वासनळी खाली येते. म्हणजे गुळणी काढणाऱ्या बाळालाही पाठच बरी. कुशीवर झोपवा म्हणून काही दवाखान्यांत अजून सांगतात, पण कूस ही टिकणारी स्थिती नाही, लहान बाळ कुशीवरून सहज पालथं घरंगळतं आणि तेव्हा त्याला परत फिरता येत नसतं.

पालथेपणात नेमका धोका काय, तर मऊ गादीत तोंड रुतलं की नाकापाशी एक खळगा तयार होतो, बाळाने सोडलेली हवा त्यात साठते आणि तीच हवा ते परत परत आत ओढतं. आपण मोठी माणसं अशा वेळी दचकून मान फिरवतो. पहिल्या काही महिन्यांत बाळाचा हा दचका कच्चा असतो, मानेत जोरही नसतो. म्हणूनच अशा घटना सगळ्यात जास्त एक ते चार महिन्यांत आणि बहुतेक सगळ्या सहा महिन्यांच्या आत होतात.

आता तुमच्या लेकीकडे बघा. जे बाळ स्वतःच्या ताकदीने पालथं पडतं त्याच्या मानेत, खांद्यात बऱ्यापैकी जोर आलेला असतो. आपण दोन महिन्यांचं बाळ उचलून पालथं ठेवणं आणि पाच महिन्यांचं बाळ स्वतः पालथं पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे मी आयांना पहिलं हे विचारते: तिला पालथ्यावरून परत पाठीवर यायला जमतं का? दोन्हीकडे सहज जमत असेल तर पाठीवर झोपवा आणि नंतर ती जशी झोपेल तशी झोपू द्या, उठून सरळ करायची गरज नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही हाच सल्ला आहे. एकाच बाजूला जमत असेल, म्हणजे पालथी पडते पण परत येता येत नाही, आणि तुमच्या लिहिण्यावरून तसंच वाटतंय, तर तुम्ही जाग्या असाल, दूध पाजायला उठलात, बाथरूमला उठलात आणि ती पालथी दिसली तर अलगद सरळ करा. पण त्यासाठी गजर लावून तासातासाला उठायचं नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण रात्रभर पहारा देणारी आई पहाटे बाळाला घेऊन सोफ्यावर बसते आणि तिथे तिला गाढ झोप लागते, आणि सोफा ही बाळाला घेऊन झोपायची सगळ्यात वाईट जागा आहे. सीट आणि पाठ यांच्या फटीत बाळ सरकतं.

लोडांचं बघू. ओपीडीच्या टेबलावर मी आजीबाईंना हे करूनच दाखवते. बाळाला मध्ये ठेवायचं, दोन्ही बाजूंना त्यांच्याच पिशवीतले लोड लावायचे आणि मग बाळाला खुळखुळा दाखवायचा. बाळ वळतं, अर्ध्यात लोडाला अडतं, आणि मान कुठे जाते? बरोबर लोड आणि गादीच्या मधल्या खाचेत. हात अंगाखाली अडकलेला, नाक कापसात. लोड नसता तर ते पूर्ण पालथं पडून मान वर करून बघत बसलं असतं. आजी स्वतःच लोड उचलतात मग, मला काही बोलावं लागत नाही.

नवऱ्याने मागवलेलं कुशनही त्याच जातीचं. २०१० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आणि ग्राहक सुरक्षा आयोगाने मिळून अशी बाळ एका जागी धरून ठेवणारी कुशनं वापरू नका असा इशारा दिला होता, कारण आधीच्या १३ वर्षांत १२ बाळं त्यांच्यामुळे गुदमरून गेल्याची नोंद त्यांच्याकडे होती. "बाळाच्या सुरक्षेसाठी" असं खोक्यावर लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. परत करा, रिटर्नची मुदत असेलच. मोहरीची उशीही झोपेत नको. डोकं गोल होण्यासाठी म्हणून देतात, पण डोक्याला आकार देणाऱ्या उशांबद्दल त्याच प्रशासनाने २०२२ मध्ये सांगितलंय की वापरू नका. आणि मोहरीच्या उशीची शिवण उसवली तर दाणे नाका-तोंडात जायचा धोका आपल्याकडे वेगळाच. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी लागतच नाही.

बांधणं. दोन महिन्यांपर्यंत दुपट्यात गुंडाळलं तर माझी फार हरकत नसते, पाय आत मोकळे हवेत आणि बाळ पाठीवर हवं, बस. पण वळायची पहिली चिन्हं दिसली, म्हणजे कुशीवर जाऊन पाय उचलून झोके घेणं वगैरे, त्या दिवसापासून बांधणं बंद. कारण बांधलेलं बाळ पालथं पडलं तर त्याच्याकडे स्वतःला उचलायला हात उरत नाहीत. "पण बांधल्याशिवाय दचकून उठते" असं म्हणाल, तर हो, तीन-चार रात्री त्रास होईल, नंतर सवय होते. एक हात बाहेर ठेवू का असं विचारतात. नका ठेवू, सैल झालेलं दुपटं तोंडावर येतं.

आता जागा. मी आयांना सांगते रात्री बाळ झोपतं त्या जागेचा फोनवर फोटो काढून आणा. फोटोत कित्येकदा बाळ शोधावं लागतं! चार उशा, दोन लोड, बारशाची झालर लावलेली गादी, त्यावर प्लास्टिकचं मेणकापड, त्यावर दुपटं, एक टेडी, वेखंडाची पुडी, आणि मध्ये कुठेतरी ती चिमुकली. हे सगळं काढायचं. बाळ, त्याखाली ताणून बसवलेली चादर, त्याखाली टणक सपाट गादी, एवढंच.

टणक म्हणजे किती, तर तळहात गादीवर जोरात दाबा आणि उचला. खड्डा तसाच राहिला, हळूहळू भरत आला, तर ती गादी बाळासाठी मऊ. फोमच्या आणि त्या आकार धरणाऱ्या महाग मॅट्रेस बहुतेक यात नापास होतात. कापसाची गादी असेल तर ती कधी पिंजलीय त्यावर आहे, नुकती पिंजून आणलेली गादी फुगीर असते, बाळाला नको, दोन-तीन वर्षं घरच्यांनी लोळून दाबून टाकलेली चालते. खाली जमिनीवर सतरंजी आणि वर दोन घड्यांची जुनी गोधडी, कडा आत दाबून, हा मला सगळ्यात आवडणारा बिछाना आहे. पडायची भीती नाही, खड्डा नाही. गोधडी खाली अंथरायला हां, साडेचार महिन्यांच्या बाळाच्या अंगावर नको. गार वाटत असेल तर एक जास्तीचा अंगरखा घाला.

वळायला लागलेलं बाळ मोठ्यांच्या पलंगावर एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही, उशांची भिंत करून तर नाहीच. भिंतीला टेकवलेली गादी असेल तर गादी आणि भिंत यांच्यातली फट तपासा, एकतर अजिबात नको नाहीतर गादी हातभर लांब ओढा.

झोळीबद्दल मला शिव्या पडतात, पण सांगते. साडीच्या झोळीत बाळ शांत झोपतं हे खरं, मीही झोळीतच वाढले असणार. अडचण अशी की कापड बाळाच्या अंगाबरोबर वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि वारा जायची वाट अरुंद होते. शिवाय वळायला लागलेलं बाळ झोळीत वळलं तर तोंड सरळ कापडात. त्यामुळे पालथं पडायला लागल्यावर झोळी फक्त दिवसा, जागेपणी, कोणी समोर बसलेलं असताना, आणि डोळा लागला की उचलून खाली पाठीवर. पाळणा असेल तर तळ सपाट हवा, आणि गजांमधलं अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. आणि बाळ कठड्याला धरून अंग उचलायला लागलं की पाळणाही बंद.

बरोबर झोपण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण वन बीएचकेत सगळे एकाच गादीवर असणार हे मी धरून चालते. पुस्तकी उत्तर असं की निदान सहा महिने बाळ आई-बापाच्या खोलीत असावं, पण वेगळ्या बिछान्यावर. आपल्याकडे निम्म्या घरांत हे होत नाही, आणि "करूच नका" म्हणून मी मोकळी झाले तर तुम्ही मला सांगणं बंद कराल, एवढंच होईल. म्हणून परिस्थितीवर आहे. घरात कोणी सिगरेट-बिडी ओढत असेल, बाळाशेजारी झोपणारं कोणी दारू प्यायलेलं असेल, झोपेची किंवा गुंगी आणणारी औषधं घेत असेल, बाळ कमी दिवसांचं किंवा जन्मतः अडीच किलोच्या खालचं असेल, तर एका गादीवर अजिबात नाही. यातलं काही नसेल, गादी खाली आणि टणक असेल, तर तुमच्या गादीला लागून पण तिची स्वतःची छोटी गादी अंथरा, मध्ये फट राहणार नाही अशी. हात लांब केला की बाळ हाताशी येतं, आणि तुमची उशी, पांघरूण, नवऱ्याचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही. रात्री आडवं पडून पाजताना डोळा लागणारच असं वाटत असेल तर खुर्चीपेक्षा, सोफ्यापेक्षा ही खालची गादीच बरी, फक्त आधी उशी-पांघरूण लांब करा आणि जाग आली की तिला तिच्या गादीवर पाठीवर ठेवा. आणि दोघांच्या मध्ये नाही, आईच्या बाजूला.

डास हा आपला खास प्रश्न. ती छत्रीसारखी उघडणारी बाळाची मच्छरदाणी या वयात नको, एकतर तिच्यातली गादी मऊ आणि दुसरं म्हणजे बाळ वळून जाळीला चिकटतं, तोंड जाळीत. मोठी, चारी बाजूंनी गादीखाली खोचायची मच्छरदाणी लावा, सगळेच आत. कॉइल आणि धुरी बाळाच्या खोलीत नको.

टोपडं, कुंची, मोजे झोपताना काढा, घरात तरी. बाळ डोक्यावाटे बरीच उष्णता बाहेर टाकतं आणि फार गरम होणं हाही या अचानक मृत्यूंमधला एक धोका आहे. गार हात-पाय बघून घाबरू नका, मानेमागे किंवा छातीवर हात लावून बघा, तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करा. पंखा चालतो. गळ्यातला काळा दोरा, ताईत, सोन्याची साखळी रात्री नको, वळणाऱ्या बाळाला ते फास आहेत. आजींना दोरा काढायचा नसेल तर कमरेला करदोड्यात बांधा, माझ्याकडे हा तोडगा कधी फसलेला नाही.

तर आज रात्रीपुरतं एवढंच करा: लोड आणि कुशन बाहेर, दुपट्याने बांधणं बंद, खाली टणक गादीवर पाठीवर झोपवा, गळ्यातलं काढा, आणि तुम्हीही झोपा.

पालथी पडून अडकली म्हणून रडते, त्याचं काय? रडली तर मिनिटभर थांबा, कधीकधी स्वतःच मान फिरवून झोपते. नाही झोपली तर न उचलता, दिवा न लावता, अंगाखालचा हात सोडवून कुशीवरून पाठीवर आणा, छातीवर हात ठेवा. हे रात्रीचं सर्कस तिचं नवं कौशल्य आहे आणि बाळं नवं कौशल्य झोपेत घोकतात. साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. ते लवकर संपवायचा उपाय दिवसा आहे: जागी असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, खाली सतरंजीवर पालथं घालून खेळवा, थोडं थोडं करून दिवसाला निदान अर्धा तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या सूचनांमध्येही अर्धा तासच सांगितलाय. परत वळायला शिकवायचं असेल तर पालथी असताना खुळखुळा डोळ्यांसमोरून हळूच एका खांद्याच्या वर-मागे न्या, ती बघता बघता कलंडते. दोन्ही बाजूंनी करा. पाठीवर झोपून डोकं मागून चपटं होतं त्यावरही हाच उपाय आहे, शिवाय रोज झोपवताना उशाची आणि पायांची बाजू बदला म्हणजे ती दाराकडे बघायला वेगळ्या बाजूने मान फिरवेल.

काही बाळांना हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. कमी दिवसांची असेल तर वय जन्मतारखेपासून धरू नका, डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या मूळ तारखेपासून धरा. हृदयाचा, श्वसनमार्गाचा जन्मजात त्रास असेल किंवा अंग फार सैल असेल तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच करा. बाळ कायम एकाच बाजूला वळतं, एक हात वापरत नाही, झोपेत घरघर आवाज येऊन छाती आत ओढली जाते, तर दाखवून घ्या. ओठ निळे पडले, श्वास थांबल्यासारखा वाटला, तर वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

पायात घालायचा तो ऑक्सिजन मोजणारा मोजाही नवरा मागवेल आता, ही लोकं कुशन परत केलं की पुढचं शोधतात! निरोगी बाळाला त्याने धोका कमी होतो असं दिसलेलं नाही, उलट खोट्या गजरांनी तुम्ही परत जाग्या. ते पैसे कापडी कव्हरच्या चांगल्या टणक गादीला घाला.

शेवटचं, तुमची रजा दीड महिन्यात संपतेय आणि दिवसा सांभाळायला मावशी येणार आहेत असं लिहिलंय. मावशींना पहिल्याच दिवशी दाखवून द्या की तिला पाठीवर झोपवायचं, कुठे झोपवायचं आणि कशाशिवाय झोपवायचं. पाठीवर झोपायची सवय असलेल्या बाळाला नव्या माणसाने "पोटावर छान झोपतात" म्हणून पालथं घातलं तर त्या बाळाला धोका नेहमी पालथ्या झोपणाऱ्या बाळापेक्षाही जास्त असतो. मावशींनी चार मुलं वाढवलेली असतील, त्यामुळे तोंडी सांगून पुरत नाही. रजा संपायच्या आधी आठवडाभर त्यांना यायला सांगा आणि दुपारची झोप तुमच्यासमोर त्यांच्याच हातून घालून घ्या.